फेसबुक ओसरलं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फेसबुकवर २००९ पासून आहे. तेव्हा नेटवरची बरीच मराठी मंडळी त्याला ‘चेपु’ म्हणायची, म्हणजे चेहरापुस्तक. जरा तिरकस असलेली ‘थोपु’ म्हणायची, म्हणजे थोबाडपुस्तक. हल्ली हे दोन्ही शब्द फारसे कानावर येत नाहीत. टोपणनाव गेलं तेव्हाच मला पहिली शंका आली होती.

खालचे प्रश्न माझी पुतणी, शाळेतले मित्र, लिहिणारी एक-दोन माणसं आणि आमची सांगलीची आत्या यांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे सांगण्यासारखं होतं म्हणून लांबली.

थोडक्यात सांगा, फेसबुक बंद पडत चाललंय का?

नाही. दुकान जोरात चालू आहे. ओसरलं आहे ते तिथलं आपापसातलं बोलणं. पूर्वी कट्टा होता, आता जत्रा आहे, आणि जत्रेत गर्दी कट्ट्यापेक्षा जास्तच असते. त्यामुळे ‘तिथे आता कुणी नसतं’ म्हणणारा खोटं बोलत नाही आणि ‘तुफान चाललंय’ म्हणणाराही नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

आकडे काय म्हणतात?

महिन्यातून एकदा तरी येणाऱ्यांचा १०० कोटींचा टप्पा फेसबुकने २०१२ च्या सप्टेंबरात गाठला. २०२३ संपताना तोच आकडा ३०० कोटींच्या वर होता आणि रोज येणारे होते २११ कोटी. त्यानंतर मेटाने, म्हणजे मूळ कंपनीने, एकट्या फेसबुकचे आकडे दर तिमाहीला देणं थांबवलं. आता फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, मेसेंजर सगळ्यांचा मिळून एकच आकडा सांगतात. एकत्र कुटुंबाचं उत्पन्न सांगितलं की थोरला भाऊ नक्की किती कमावतो ते कळत नाही, तसं आहे हे.

वापरणाऱ्यांच्या संख्येत भारत पहिला. पण आकडा नेमकं काय मोजतो तेही बघा. दिवसातून एकदा जो आत आला तो ‘सक्रिय’. आत्याच्या फोनवर नोटिफिकेशन वाजली, ती बंद करायला गेली आणि बोट चुकून भलतीकडे लागलं, तर ती सक्रिय. कुणी तासभर बसून तीन जणांच्या पोस्टीवर मनापासून लिहिलं, तर तोही तेवढाच सक्रिय. ‘आकर्षण’ मोजायचं या आकड्यात कुठलंच माप नाही.

मध्यंतरी एकदा आकडा पडला होता ना?

पडला होता. २०२१ च्या शेवटच्या तिमाहीत रोज येणारे १९३ कोटींवरून १९२.९ कोटींवर आले. घट म्हणाल तर चिमूटभर, पण फेसबुकच्या इतिहासातली पहिलीच. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी मेटाचा शेअर एका दिवसात २६ टक्के गडगडला आणि २३० अब्ज डॉलरहून जास्त बाजारमूल्य त्या एका दिवसात उडालं.

त्या वेळी कंपनीच्या वित्तप्रमुखांनी जी कारणं दिली, त्यांत एक आपल्याकडचं होतं: भारतात डेटा पॅक महागले. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एअरटेल, व्ही आणि जिओ या तिघांनीही दर वाढवले होते, आठवत असेल. आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीत रिचार्ज महागला आणि त्याची नोंद कॅलिफोर्नियातल्या ताळेबंदाच्या चर्चेत झाली. पुढच्याच तिमाहीत आकडा पुन्हा वर गेला, ती बातमी मात्र फारशी कुणी वाचली नाही.

‘फेसबुक आता दोन-तीन वर्षांचं सोबती’ हे तर आम्ही कधीपासून ऐकतोय.

बरोबर. यातला सगळ्यात गमतीदार किस्सा जानेवारी २०१४ चा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी साथीच्या रोगांचं गणित फेसबुकला लावलं. साथ पसरते तशी ओसरते, त्या हिशेबाने २०१५ ते २०१७ च्या दरम्यान फेसबुकचे ८० टक्के वापरकर्ते निघून जातील असं त्यांनी मांडलं. मुख्य आधार काय, तर गूगलवर ‘फेसबुक’ हा शब्द किती वेळा शोधला जातो. आता घरोघरी फोनमध्येच ॲप आल्यावर तो शब्द गूगलवर शोधणार कोण?

फेसबुकच्या आकडेतज्ज्ञांनी उत्तर दिलं तेही तसंच खवचट. त्यांनी तीच पद्धत प्रिन्स्टनला लावली आणि २०२१ पर्यंत त्या विद्यापीठात एकही विद्यार्थी उरणार नाही असा ‘निष्कर्ष’ काढला. विद्यापीठ जागेवर आहे. फेसबुकही.

ऑर्कुटचं झालं तसं होणार नाही कशावरून?

हा प्रश्न विचारणारा माणूस चाळिशीच्या आसपासचा असतो, हे मी डोळे मिटून सांगेन. ‘स्क्रॅप’, ‘टेस्टिमोनियल’, आपल्या शाळेची कम्युनिटी... भारतात आणि ब्राझीलमध्ये ऑर्कुटची चलती होती. खरं तर दोघंही २००४ चेच. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युक्‍कोक्तेन नावाच्या तुर्की अभियंत्याचं ऑर्कुट जानेवारीत आलं, हार्वर्डमधल्या मार्क झुकरबर्गचं फेसबुक ४ फेब्रुवारीला. फक्त फेसबुक आधी कॉलेजच्या पोरांपुरतंच होतं, सगळ्यांना दार उघडलं ते सप्टेंबर २००६ मध्ये. २०१० च्या सुमारास भारतातली मंडळी इकडून तिकडे गेली आणि ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ऑर्कुटला कुलूप लावलं.

दुसरं उदाहरण मायस्पेसचं. २००५ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने ते ५८ कोटी डॉलरला घेतलं आणि २०११ मध्ये साधारण साडेतीन कोटींना विकून टाकलं. ते बंद झालं नाही, नुसतंच विस्मरणात गेलं.

फेसबुकचं वेगळेपण असं की लोक पळतील कुठे याचा अंदाज झुकरबर्गने आधीच बांधला होता. २०१२ मध्ये इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरला घेतलं. २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा सौदा जाहीर केला, १९०० कोटी डॉलरचा. त्यामुळे आज फेसबुकला कंटाळलेला माणूस जातो तो बहुतेक वेळा माडीवरून तळमजल्यावर, आणि भाडं त्याच मालकाला देतो. ही मक्तेदारी आहे असं म्हणत अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने खटला भरला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने मेटाच्या बाजूने निकाल दिला. टिकटॉक, यूट्यूब समोर असताना याला आज मक्तेदारी म्हणता येत नाही, असा त्याचा गाभा. त्या खटल्यात बाहेर आलेल्या कागदांचा पुढे आणखी उपयोग होणार आहे.

तरुण पोरं तिथे का नाहीत?

अमेरिकेतलं चित्र स्पष्ट आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत १३ ते १७ वयातली ७१ टक्के मुलं २०१४-१५ मध्ये फेसबुक वापरत होती. २०२२ मध्ये ३२ टक्के.

आपल्याकडचं माझ्याकडे फक्त घरातलं उदाहरण आहे. पुतणी अकरावीला. तिला विचारलं, तू का नाहीस गं तिथे? ती म्हणाली, “काका, तिथे तुम्ही सगळे आहात ना, म्हणूनच.” पुढे हेही म्हणाली की कॉलेजच्या फोटोवर आत्याआजी ‘सुंदर बाळा, जेवलीस का’ असं लिहिते आणि ते वर्गातली पोरं वाचतात. यावर झुकरबर्गकडे काय उपाय असणार? घरचं कार्य आणि मित्रांचा अड्डा एकाच मांडवात भरवला की मित्र आधी सटकतात.

पण ‘तरुण नाहीत’ हे पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी शाळांवरून काढलेलं अनुमान आहे, हेही ध्यानात असू द्या. गावाकडे बैलगाडा शर्यतीचे, ट्रॅक्टरचे, कुस्तीचे व्हिडिओ टाकणारी विशीतली पोरं फेसबुकवर भरपूर दिसतात. त्यांना तिथे गप्पा मारायच्या नसतात, प्रेक्षक हवा असतो.

माझ्या ओळखीच्या माणसांच्या पोस्टी मला दिसतच नाहीत. ती लिहीत नाहीत की मला दाखवत नाहीत?

दोन्ही, आणि दोन्ही एकमेकांना धरून. इथे जरा मागे जावं लागेल.

सुरुवातीला फेसबुकवर फीड हा प्रकारच नव्हता. कुणाचं काय चाललंय ते बघायला त्याच्या प्रोफाइलवर जावं लागे, घरी गेल्यासारखं. सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आली आणि सगळ्यांची बातमी आपल्या दारात येऊन पडू लागली. लोक तेव्हा भयंकर चिडले होते, आमच्यावर पाळत ठेवताय म्हणून. चिडायलाही त्यांनी फेसबुकवरच ग्रुप काढले आणि ते ग्रुप फोफावले याच फीडमुळे. फेब्रुवारी २००९ मध्ये लाइकचं बटण आलं. मग हळूहळू ‘आधी कोणी लिहिलं’ हा क्रम मागे पडला आणि ‘कशावर जास्त हालचाल होईल’ हा क्रम पुढे आला.

जानेवारी २०१८ मध्ये झुकरबर्गने जाहीर केलं की यापुढे घरच्यांच्या आणि मित्रांच्या अर्थपूर्ण देवाणघेवाणीला जास्त जागा देऊ. ऐकायला छान. पण अर्थपूर्ण हे यंत्राला कसं कळणार? कमेंटी मोजून. आणि कमेंटी कशावर पडतात? मिसळ कोल्हापूरची खरी की पुण्याची, यावर दोनशे. मुलगी दहावी पास झाली, यावर अकरा ‘अभिनंदन’. त्यातच २०१७ पासून काही काळ रागाच्या लाल चेहऱ्यासह सगळ्या इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं, हे फेसबुकच्याच माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी २०२१ मध्ये कंपनीबाहेर आणलेल्या कागदपत्रांतून कळलं. भांडणारी पोस्ट वर, साधी पोस्ट खाली. साधं लिहिणाऱ्याला महिनाभर चार लाइक आले की तो पाचवी पोस्ट लिहीत नाही. मग यंत्राला वाटतं की हा लिहीतच नाही, तर दाखवू काय?

याच्या वर टिकटॉक आलं. तिथे मित्र-बित्र काही नाही, अनोळखी माणसाचा व्हिडिओ यंत्र निवडून समोर धरतं आणि लोक तासन्‌तास बघतात. भारताने २९ जून २०२० रोजी ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. दहा दिवसांच्या आत, ८ जुलैला, इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. मग तोच पदार्थ फेसबुकच्या ताटातही आला.

त्या अमेरिकेतल्या खटल्यात मेटाने स्वतःच न्यायालयाला आकडा दिला: फेसबुकवर घालवलेल्या वेळेपैकी मित्रांच्या पोस्टी बघण्यात जाणारा वेळ दोन वर्षांत २२ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला. इन्स्टाग्रामवर तर ११ वरून ७. कंपनीला हे सांगणं सोयीचं होतं, कारण ‘आम्ही मित्रांना जोडणाऱ्या धंद्यात राहिलोच नाही, मग त्याची मक्तेदारी कसली’ असा बचाव होता. गिऱ्हाइकं पंधरा वर्षं जे पुटपुटत होती ते मालकाने शपथेवर सांगितलं, एवढंच.

आणि मालकालाही हे आत खुपत होतं. झुकरबर्गचा २०२२ चा एक ईमेल त्याच खटल्यात वाचला गेला. वापर ठीक असला तरी फेसबुकचं सांस्कृतिक महत्त्व झपाट्याने कमी होतंय असं त्यानेच लिहिलेलं. एक ‘वेडगळ वाटेल’ अशी कल्पनाही त्याने मांडली होती: सगळ्यांच्या मित्रयाद्या पुसून टाकायच्या आणि सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करायला लावायची. ती अमलात आली नाही. आली असती तर माझ्याकडचे ते ‘आपण कुठे भेटलो होतो बरं?’ छापाचे तीनेकशे मित्र एका रात्रीत गेले असते. मला तर तो विचार तितका वेडगळ वाटत नाही.

मग फक्त ओळखीच्यांचंच बघायचं असेल तर?

मेनूमध्ये ‘फीड्स’ आहे, त्यात ‘फ्रेंड्स’ निवडा. वेळेच्या क्रमाने मित्रांच्या पोस्टी दिसतील. पहिल्यांदा उघडाल तेव्हा थोडा धक्का बसेल. दोन मिनिटांत सगळं वाचून संपतं.

मराठीत लिहिणाऱ्यांचं काय? एके काळी तिथे चांगलं वाचायला मिळायचं.

मिळायचं, आणि हे मी नॉस्टॅल्जियाने म्हणत नाही. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून होतं, नंतर मिसळपाव हे दुसरं आलं, ब्लॉग होते. पण तिथे जाणारा मुळात वाचणारा माणूस होता. फेसबुकने पहिल्यांदा असं केलं की लिहिणारा आणि सहज टेकलेला, दोघं एका ठिकाणी आणले. बँकेतली बाई, एसटीतला वाहक, तालुक्याचा डॉक्टर, शिक्षक यांनी फोनवर देवनागरी टाइप करता यायला लागल्याबरोबर लिहायला सुरुवात केली. त्याआधी ‘mi kay mhanto’ छापाची रोमन मराठी चालायची, ती बघता बघता गेली. कित्येकांची पुस्तकं आधी फेसबुकच्या भिंतीवर लिहून झाली, मग छापली गेली. दिवाळी अंकांचे संपादकही नवे लेखक तिथून हुडकायला लागले.

नंतर एकेक चिरा ढासळत गेला. लांब लेखासाठी ‘नोट्स’ची सोय होती, ऑक्टोबर २०२० नंतर नवी नोट लिहिणं बंद झालं. टाळेबंदीत कवितावाचनं, गाण्याच्या मैफली, व्याख्यानमाला सगळं फेसबुक लाइव्हवर गेलं होतं. फेब्रुवारी २०२५ पासून नवं लाइव्ह ३० दिवसांनी पुसलं जातं, आणि जुनी लाइव्ह उतरवून घ्यायला ९० दिवसांची मुदत दिली गेली. किती व्याख्यानमालांच्या कार्यवाहांनी तो निरोप वाचला असेल, देव जाणे. कार्यवाह ते खातं उघडून देणाऱ्या पोराला शोधत बसले असणार आणि पोरगा तोवर बंगळुरूला नोकरीला लागलेला.

तिसरी गोष्ट चोरीची. तुम्ही रात्री दोन वाजेपर्यंत बसून लिहिलेली पोस्ट सकाळी आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आवडलं म्हणून पाठवतोय’ या मथळ्याखाली येते, नाव काढून. कधी खाली दुसऱ्याच कुणा मोठ्या लेखकाचं नाव चिकटवलेलं असतं. माझ्या एका मित्राचा वडिलांवरचा लेख त्याच्या स्वतःच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एका नामवंत दिवंगत साहित्यिकाच्या नावाने आला. त्याने ‘अरे हे माझं आहे’ लिहिलं, तर एकाने हसण्याची इमोजी टाकली. तेव्हापासून त्याने वडिलांवर काही लिहिलं नाही.

जे टिकलेत ते आता दोन ओळींचा खवचट विनोद टाकतात, नाहीतर राजकारण. मधलं, निवांत, पाचशे शब्दांचं लिहिणं कमी झालंय. संपलेलं नाही. कुठल्या दोघा-तिघांच्या भिंतीवर थेट जायचं हे माहीत असेल तर आजही मिळतं.

बायका फेसबुकवर कमी का बोलतात?

एकदा त्यांचा इनबॉक्स बघा, मग विचारा. ‘हाय’, ‘हॅलो डियर’, ‘मैत्री करशील का’, गुलाबाचं फूल, पुन्हा ‘हाय’. २०२२ मध्ये रॉयटर्सने मेटाच्या अंतर्गत अभ्यासावरून बातमी दिली होती की भारतातल्या फेसबुक वापरकर्त्यांत २०२१ मध्ये ७५ टक्के पुरुष होते. फोटोंचा गैरवापर आणि नकोशी लगट ही त्या बायकांची मुख्य काळजी होती.

कंपनीला हे आधीपासून ठाऊक होतं. प्रोफाइल फोटो कुणी उतरवून घेऊ नये यासाठीची ढाल २०१७ मध्ये आधी भारतातच आणली, आणि मे २०२० मध्ये अख्खं प्रोफाइल लॉक करायची सोय दिली. सोय चांगली आहे. पण लॉक लावलेलं घर हे गप्पा मारायला बसण्याचं ठिकाण उरत नाही. माझ्या यादीतल्या निम्म्या मैत्रिणींनी कुलूप लावलंय आणि बोलायला त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या आठ-दहा जणींच्या ग्रुपवर गेल्या आहेत. तिथलं आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण म्हणायचं की बायका बोलत नाहीत.

फेक प्रोफाइल आणि ते विचित्र फोटो हल्ली इतके का दिसतात?

फेकची तऱ्हा आता सगळ्यांना पाठ झालीय. आत्याचा प्रोफाइल फोटो उचलतात, तिच्याच नावाने दुसरं खातं, तिच्याच यादीतल्यांना रिक्वेस्ट. मग मेसेंजरवर ‘हॅलो, कसे आहात’. आमची आत्या जन्मात पुतण्याला ‘कसे आहात’ म्हणणार नाही, ती ‘काय रे मेल्या’ म्हणते, म्हणून आम्ही वाचलो. पुढे ठरलेलं असतं: बदली झालेल्या लष्करी अधिकाऱ्याचं फर्निचर स्वस्तात, किंवा पंधरा हजार अर्जंट. दुसऱ्या दिवशी खऱ्या आत्याची पोस्ट, ‘माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नये’. आजकाल कित्येकांच्या भिंतीवर गेल्या वर्षभरातली ही एकच स्वतः लिहिलेली पोस्ट असते.

विचित्र फोटोंचं गणित वेगळं. जास्त बघितल्या जाणाऱ्या पोस्टींना फेसबुक पैसे देतं, तेव्हा एआयने बनवलेली चित्रं घाऊक ओतली जातात. २०२४ मध्ये कोळंब्यांपासून बनलेला येशू जगभर फिरला होता. बाटल्यांपासून रथ बनवणारं पोर, स्वतःच बनवलेल्या केकसमोर बसलेली शंभरीची आजी आणि ‘आज माझा वाढदिवस, कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत’, ही त्याचीच भावंडं. अशा पोस्टी कशा बनवायच्या ते हिंदीतून शिकवणारे यूट्यूबवर आहेत. त्या आजीच्या हाताला सहा बोटं आहेत हे मी आत्याला दाखवलं. ती म्हणाली, “असू दे रे, वाढदिवस आहे ना तिचा.”

आमच्या दुकानाच्या पेजचा रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचते तो आकडा, पडलाय. काय करू?

पैसे भरा, नाहीतर रील करा. तिसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही. निळी खूणही आता विकत मिळते, जून २०२३ मध्ये ती भारतात आली तेव्हा मोबाइलवर महिना ६९९ रुपये होती. तिने रीच वाढतो का, हे ज्यांनी घेतलीय त्यांना एकांतात विचारा.

मी सोडायचं म्हणतोय. कसं सोडू?

आधी ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ आणि ‘डिलीट’ यातला फरक ध्यानात घ्या. पहिल्यात खातं झाकून ठेवलं जातं, परत लॉगिन केलं की जसंच्या तसं. दुसऱ्यात मन बदलायला ३० दिवस मिळतात, त्यानंतर सगळं पुसायला कंपनी ९० दिवसांपर्यंत घेते. डिलीट करण्याआधी सेटिंगमधून आपली सगळी माहिती उतरवून घ्या. तशी सोय आहे. फोटो, पोस्टी, जुने मेसेज एका फाइलमध्ये मिळतात. मी सहज म्हणून माझी उतरवली. २०११ मध्ये मी ‘पाऊस.’ एवढीच पोस्ट टाकली होती आणि तिला चौतीस कमेंटी होत्या.

तुम्ही स्वतः का नाही सोडलं?

ग्रुपमुळे. एकटादुकटा माणूस फेसबुकवर बोलेनासा झाला, तरी ग्रुप तग धरून आहेत. बी-निगेटिव्ह रक्त हवंय, सह्याद्रीतली ही रानभाजी कोणती, सोयाबीनवर ही कसली अळी, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला ढोल कुठून आणायचे. हे व्हॉट्सअ‍ॅपवर होत नाही, कारण तिथे फक्त ओळखीचे असतात, आणि उत्तर बहुतेक वेळा अनोळखी माणसाकडे असतं.

आमच्या गावच्या जुन्या फोटोंचा एक ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात कुणीतरी एसटी स्टँडसमोरचा कृष्णधवल फोटो टाकला. भाड्याच्या सायकलींचं दुकान, पाटीचं अर्धं अक्षर झाडाआड, भिंतीवर कुटुंब नियोजनाचा त्रिकोण, आणि दुकानाच्या फळीवर धोतर-कोट घातलेला एक म्हातारा. पहिल्या कमेंटीत साल ठरलं, १९७२. दुसऱ्याने खोडलं: तेव्हा तिथे झाड नव्हतं, दुष्काळाच्या वर्षी सावलीला उभं राहायला जागा नव्हती हे मला पक्कं आठवतं. तिसऱ्याने सायकलचं भाडं सांगितलं, तासाला वीस पैसे, आणि ब्रेक नसलेली घेतली तर पंधरा. न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी तिथल्या मध्यरात्री लिहिलं की दुकानदाराकडे आपली एक बहात्तर सालची उधारी राहिलीय. त्यावर दुकानदाराच्या नातवाने हिशेब व्याजासकट मांडला.

म्हाताऱ्याचं नाव मात्र कुणाला येईना. मग एका बाईंनी लिहिलं: हे माझ्या आईचे मामा असावेत, तिला विचारून सांगते. आज चौथा दिवस. खाली एकेचाळीस जणांनी ‘फॉलोइंग’ लिहून ठेवलंय.